'बिलव्हेड' : टॉवेलवाल्याच्या गल्ल्यावरून

आधी भाव सांगतो, मग माल दाखवतो. अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' ही कादंबरी घ्यावी, पैसे वसूल आहेत. तिच्यावर बाजारात जे परीक्षेचं गाईड मिळतं ते घेऊ नये, कुणी फुकट दिलं तरी. दोन्ही मी पदरचे पैसे घालून घेतली आहेत, तेव्हा बोलायचा हक्क आहे.

मी सोलापूरचा, धंदा टॉवेल-चादरींचा. घरात तेलुगू, दुकानात मराठी, बिलावर इंग्रजी. पन्नाशी उलटल्यावर इंग्रजी विषय घेऊन बाहेरून एम.ए.ला बसलो. मुलीनंच फॉर्म आणून दिला. म्हणाली, "नान्ना, दुपारी गल्ल्यावर पेंगण्यापेक्षा वाचा काहीतरी." तिचंही खरंच आहे. एप्रिल-मेमध्ये इथं दुपारी रस्त्यावर कुत्रं फिरकत नाही, गिऱ्हाईक कुठून येणार? अभ्यासक्रमात वसाहतोत्तर साहित्याचा, म्हणजे परक्या सत्तेखाली दबलेल्यांच्या बाजूनं लिहिण्या-वाचण्याचा, एक पेपर आहे, त्यात ही कादंबरी लागलेली. एरवी मी तिच्या वाटेला गेलो नसतो हे उघड आहे.

वस्तू म्हणून पुस्तक कसं आहे ते आधी. पेपरबॅक, तीनशेच्या वर पानं, कागद पिवळसर पण जाडीला बरा. अक्षर बारीक, चाळिशी लागलेल्याला रात्रीच्या दिव्यात त्रास होतो. बांधणी गोंदाची. आमच्या उन्हात गोंदाची पुस्तकं पाठीतून सुटतात, हे सुटलं नाही. ऑनलाइन मागवलं, बाहेरचं पाकीट फाटून आलं, आतला माल शाबूत. किमतीबद्दल तक्रार नाही. एका बऱ्या टर्किश टॉवेलच्या पैशात येतं.

आता आतला माल. १८५६च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर नावाची एक गुलाम बाई केंटकी राज्यातून कुटुंबासह पळाली. थंडीनं गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पोचली. मागावरची माणसं दाराशी आली तेव्हा, पोरं पुन्हा गुलामीत जाऊ नयेत म्हणून तिनं आपल्या लहान मुलीला स्वतःच्या हातानं मारलं. ही खरी घडलेली गोष्ट. मॉरिसन बाई एका प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची कागदपत्रं, कात्रणं, जाहिराती असं सगळं गोळा करून १९७४ साली एक ग्रंथ निघाला, त्या कामात त्यांना या घटनेचं वर्तमानपत्री कात्रण सापडलं. त्यावरून त्यांनी ही कादंबरी रचली. १९८७ साली ती छापून आली, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं, १९९३ साली बाईंना नोबेल.

कादंबरीतली बाई सेथ. तिनंही आपली पोर मारली त्याला अठरा वर्षं झालीत, साल १८७३ आहे, कायद्यानं गुलामी संपलेली आहे. ती आणि तिची एक मुलगी डेन्व्हर एका घरात राहतात आणि त्या घराला मेलेल्या पोरीच्या भुतानं पछाडलंय. मग जुन्या मळ्यावरचा सोबती पॉल डी येतो, भुताला हुसकावून लावतो, आणि थोड्याच दिवसांत पाण्यातून वर आलेली एक तरुण पोरगी दारात येऊन बसते. नाव सांगते बिलव्हेड, म्हणजे लाडकी. थडग्याच्या दगडावर तेवढाच एक शब्द कोरलेला होता. तो कोरून घ्यायला सेथकडे पैसे नव्हते, तिनं दगड कोरणाऱ्याला आपलं शरीर दिलं होतं. हे बहुतेक सगळं सुरुवातीच्या प्रकरणांतच येतं, तेव्हा गुपित फोडलं म्हणून माझ्यावर चिडू नका. ही रहस्यकथा नाहीच.

पहिली चाळीस-पन्नास पानं डोकं भणभणतं. कोण बोलतंय, कुठल्या सालातलं बोलतंय, काही पत्ता लागत नाही. घराचा नंबर माणसासारखा वागतो. मी आमच्या सवयीनं एका कागदावर नावं आणि सालं मांडून घेतली, तेव्हा धागा हाताला लागला. ज्यांना सरळ गोष्ट हवी त्यांनी इथंच थांबावं.

आता गाईडबद्दल. कोणाचं ते सांगत नाही, नाव घेऊन जाहिरात कशाला करा. या गाईडवाल्यांनी वसाहतोत्तर समीक्षेतले चार शब्द (अन्यीकरण, संकरितता, अनुकरण, सबाल्टर्न) प्रत्येक उत्तरावर शेंगाचटणीसारखे भुरभुरलेत. प्रश्न सेथवर असो, पॉल डीवर असो की घरावर असो, चव एकच. सगळ्याचा निष्कर्ष असा की गोऱ्यांनी काळ्यांवर अन्याय केला आणि लेखिकेनं त्याला वाचा फोडली. एवढंच सांगायचं तर तीनशे पानं कशाला हवीत? ते आम्हाला सातवीच्या पुस्तकातही कळलं होतं.

पण गाईड वाईट निघालं म्हणून समीक्षाच टाकाऊ ठरत नाही. मी चिकाटीनं मूळ लोकांचं थोडं वाचलं. एडवर्ड सईद यांनी १९७८ साली 'ओरिएंटलिझम' या पुस्तकात मांडलं की पौर्वात्य जगाबद्दल युरोपनं जी शेकड्यांनी पुस्तकं, अहवाल, वर्णनं लिहिली ती निव्वळ माहिती नव्हती. ज्याच्यावर राज्य करायचं त्याला आधी कागदावर पकडायचं, हा त्या लिखाणाचा उद्योग होता. हे वाक्य डोक्यात ठेवून कादंबरी पुन्हा उघडली आणि एका जागी येऊन मी अडकलो.

सेथ ज्या मळ्यावर होती त्याचं नाव 'स्वीट होम'. मालक गार्नर बरा माणूस. आपल्या गुलामांना 'माणसं' म्हणतो आणि चारचौघांत त्याची फुशारकी मारतो. तो मरतो, आणि मळा सांभाळायला त्याचा मेहुणा येतो. त्याला कादंबरीत नाव नाही, सगळे त्याला मास्तरच म्हणतात. हा मास्तर हळू बोलतो. दोरी घेऊन सेथच्या डोक्याचं माप घेतो, नाकाचं घेतो, दात मोजतो, आणि रात्री बसून वहीत लिहितो. सेथला वाटतं, येडा आहे बिचारा. मग एका दिवशी ती तान्ह्या पोरीच्या तोंडावर माश्या बसू नयेत म्हणून मलमलीचा तुकडा मागायला निघालेली असते. वाटेत मास्तरचा वर्ग भरलेला. आपलं नाव कानावर पडतं म्हणून ती थबकते. मास्तर पोराला सांगतोय, असं नाही, तिचे माणसाचे गुण डावीकडे लिही आणि जनावराचे उजवीकडे, आणि ओळी नीट आख.

मी रोज जमा-नावे लिहिणारा माणूस आहे. मधे रेघ मारायची, या बाजूला हे, त्या बाजूला ते, दिवसाखेर बेरीज. ते वाचून मी पुस्तक पालथं घातलं आणि उगाच रॅकवरचे टॉवेल नीट लावत बसलो. या कादंबरीत चाबूक आहे, लोखंडी लगाम आहे, जिवंत जाळणं आहे. पण सगळ्यात भयंकर वस्तू ही वही आहे. चाबूक मारणाऱ्याला निदान आपण मारतोय एवढं कळत असतं. वही लिहिणाऱ्याला आपण अभ्यास करतोय असं वाटत असतं.

आणि बाईंनी यावर आणखी एक कडी केली आहे, ती गाईडमध्ये कुठंच नाही. वहीची शाई सेथच बनवायची. मास्तरला दुसऱ्या कुणाच्या हातची शाई आवडत नसे. कादंबरीच्या अगदी शेवटी, सेथ अंथरुणाला खिळलेली असताना, पॉल डीला हेच सांगते की शाई मी केली होती, मी केली नसती तर त्याला लिहिता आलं नसतं. अठरा वर्षं भूत सांभाळलेली बाई शेवटी पोरीबद्दल बोलते तशीच शाईबद्दल बोलते. परीक्षेत 'वसाहतिक ज्ञान आणि सत्ता' असा प्रश्न आला तर या एका वाक्यावर अख्खं उत्तर उभं राहतं.

त्याच मळ्यावरच्या सिक्सो या गुलामाचा प्रसंगही याच खात्यातला. सिक्सो डुकराचं पिल्लू मारून खातो. मास्तर विचारतो, चोरी केलीस? तो म्हणतो छे, तुमच्या मालमत्तेची सुधारणा केली. मी खाल्लं, म्हणजे मी जास्त काम करणार, म्हणजे फायदा तुमचाच. हिशेब बिनचूक आहे! मास्तरला तो पटतोही, तरी तो त्याला फटके मारतो, कारण कशाला काय म्हणायचं हे ठरवायचा हक्क मालकाचा आहे हे दाखवायचं असतं. पुढे पॉल डीला आपली किंमत कळते, नऊशे डॉलर. आणि तो मनाशी विचार करतो की सेथची किती असती, कारण ती तर पोरं देते, म्हणजे भांडवल न घालता वाढणारा माल. धंद्यातल्या माणसाला हे परिच्छेद फार टोचतात. भाव काढायची भाषा आपलीच असते.

आता सोलापूर. कादंबरी केंटकीची आणि मी इथं सोलापूर कशाला आणतोय असं कुणी म्हणेल. अमेरिकेतल्या गुलामांच्या कापसाचा आणि आमच्या भागाचा संबंध बरेच जण लावतात, तोही खोटा नाही. इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशांहून जास्त कापूस अमेरिकेतून जायचा. १८६१ साली तिथं यादवी पेटली, तो थांबला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आमच्याकडे १८६० साली रेल्वे आलेलीच होती. युद्ध संपलं आणि १८६५ साली मुंबईचा बाजार कोसळला. पण हा कापूस कादंबरीबाहेरचा आहे. स्वीट होम हा कापसाचा मळा नाही, आणि वसाहतोत्तर वाचन म्हणून तो ओढूनताणून आत आणायची गरज नाही. खरा दुवा वहीचा आहे.

सोलापुरात रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हटलं की तो बरोबर नेतो. कशाची सेटलमेंट हे मात्र त्याला विचारू नका, मलाही कित्येक वर्षं माहीत नव्हतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मानंच गुन्हेगार, म्हणजे पाळण्यातलं पोरसुद्धा. १९११च्या कायद्यानं त्याची व्याप्ती देशभर झाली. जमातीचं नाव नोंदवहीत, माणसाच्या बोटांचे ठसे कागदावर, आणि हजेरी. आमच्या शहरात तारेच्या कुंपणात पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची कुटुंबं आणून ठेवली. दिवसा गिरणीत राबायचं, काम सुटलं की पुन्हा कुंपणात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. ते लोक ३१ ऑगस्ट हाच विमुक्त दिन म्हणून पाळतात, कारण १९४७ साली त्यांच्या तारा तशाच होत्या.

आमच्या वडिलांच्या कारखान्यात (सोलापुरात चार यंत्रमाग असले तरी कारखानाच म्हणतात) जेकॉर्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणारी, कार्डं लावणारे एक मामा होते. त्यांचं लहानपण तारेच्या आत गेलेलं. फार बोलायचे नाहीत. शनिवारी पगार वाटताना वडील एकेकाचं नाव घ्यायचे. बाकीचे कामगार "हां शेठ" म्हणत, कुणी हसत, कुणी उचल मागत पुढं यायचे. मामा नाव ऐकताच उभे राहून म्हणायचे, "हजर." आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो. वडिलांनी एकदा माझ्या कानाखाली काढली, कारण सांगितलं नाही.

इथं एक काळजी घ्यायला हवी, आणि ती घेतली नाही की वसाहतोत्तर समीक्षा भाषणबाजी होते. अमेरिकेतली गुलामी आणि सोलापूरची सेटलमेंट एक नव्हे. तिथं माणूस लिलावात विकत घेता येत होता, आईपासून पोर तोडून विकता येत होतं, आणि ते मूल कायद्यानं मालकाची मत्ता होती. इथं तसा बाजार नव्हता. दोन दुःखं तराजूत घालून कुठलं जड ते बघत बसायचं नाही. सारखं आहे ते वहीतलं पान. माणसाला आधी एका रकान्यात घालायचं, मग त्या रकान्याप्रमाणे वागवायचं, आणि वर म्हणायचं की हे शास्त्र आहे.

दुसरी गोष्ट गाईडवाल्यांना आवडणार नाही. कायदा इंग्रजांचा, पण गिरण्या कुणाच्या होत्या? १८७७ साली सुरू झालेली आमची जुनी मिल देशी भांडवलदारांची. कुंपणातला मजूर गिरण्यांच्या सोयीचा होता. सोलापूरच्या पोराला चार हुतात्म्यांची नावं पाठ असतात, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३०च्या मार्शल लॉची गोष्ट आम्ही अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच हवी. त्याच शहरात, त्याच वर्षी, तारेच्या आत हजेरी चालू होती, ती मात्र कुठल्या धड्यात नाही. साहेबाकडेच बोट दाखवणारं वसाहतोत्तर वाचन आपल्या शेठ-सावकारांना सुखरूप बाहेर काढतं. कादंबरीत बाई हे करत नाहीत. त्यांचा 'चांगला मालक' गार्नर हासुद्धा शेवटी मालकच आहे. त्याच्या चांगुलपणावर गुलामांचं माणूसपण टांगलेलं होतं आणि तो मेला तसं ते संपलं.

हे शहाणपण मराठीत आधीच आलेलं आहे. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ सालची. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना सोडवायला त्याग केला त्यांना ती अर्पण केलेली आहे, आणि आत हिशेब मांडलाय तो इथल्या जातींचा. सेथच्या घरात भूत थैमान घालतंय तेही १८७३ सालीच. कादंबरीकर्तीच्या मनात पुणं असण्याचं काही कारण नाही, हा निव्वळ योगायोग आहे, पण मराठी वाचकानं तो वाया घालवू नये. जोतीराव पुण्यात बसून ज्या मुक्तीचं कौतुक करत होते, तिचं पुढे काय झालं ते ही कादंबरी सांगते. पळालेल्यांना नदीपार नेणारा स्टॅम्प पेड नावाचा म्हातारा आहे. कायद्यानं सगळे मोकळे झाल्यावर एकदा आपली होडी बांधताना त्याला पाण्यात लाल काहीतरी दिसतं. पिसासारखं वाटतं. हातात घेतो तर रिबीन निघते, केसांच्या बटेला बांधलेली, आणि बटेला टाळूची चामडी चिकटलेली. म्हातारा ती रिबीन खिशात ठेवतो. जाळलेल्या शाळा, झाडांना टांगलेली माणसं, हे सगळं तो ऐकून होता. पण त्याला धाप लागते ती त्या रिबिनीनं.

आपल्याकडे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. म्हणजे ही ये-जा जुनी आहे. तरी आमच्या अभ्यासक्रमात फुले एका पेपरात आणि मॉरिसन दुसऱ्या पेपरात, मधे भिंत. का, ते कुणी सांगत नाही.

वसाहतोत्तर समीक्षक गायत्री स्पिवाक यांचा १९८८ सालचा निबंध मला अर्धाच कळला, तो तसाच अवघड आहे, लाजायचं कारण नाही. पण त्यातला प्रश्न मी गल्ल्यावर चिकटवून ठेवला: दबलेल्याला बोलता येतं का? म्हणजे तो बोलला तर ऐकणाऱ्याच्या कानात ते बोलणं म्हणून पोचतं का? खऱ्या मार्गारेटचं काय झालं बघा. तिच्यावर खुनाचा खटला चालवायचा तर ती माणूस आहे हे मान्य करावं लागणार होतं. १८५०च्या फरारी गुलाम कायद्याखाली तिला परत करायचं तर ती मालमत्ता ठरणार होती. कोर्टानं तिला मालमत्ता ठरवून परत पाठवलं. दक्षिणेत नेली, १८५८ साली विषमज्वरानं वारली. पोर मारून तिनं जे सांगितलं ते कोर्टाच्या कुठल्याच कागदात बसत नव्हतं.

कादंबरीत याचं उत्तर एका कात्रणात आहे. स्टॅम्प पेड पॉल डीला वर्तमानपत्राचा जुना तुकडा दाखवतो. त्यात सेथचं रेखाचित्र आहे आणि खाली मजकूर. पॉल डीला वाचता येत नाही. तो चित्राकडे बघत राहतो आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणतो, हे तिचं तोंड नाही. कपाळ म्हणाल तर तिचं, पण तोंड तिचं नाही. त्याला ठाऊक आहे की काळ्या माणसाचा चेहरा पेपरात येतो तो काहीतरी भयंकर घडल्याशिवाय येत नाही, म्हणून तो अक्षरांकडे जातच नाही. हे दीड-दोन पानांचं प्रकरण मी मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं फोन बाजूला ठेवला, यावरून काय ते समजा.

आणि त्यानंतर लगेच जे होतं ते या पुस्तकातलं सगळ्यात कठोर आहे. पॉल डी सेथला विचारतो, ती सांगते, आणि हा तिच्यावर प्रेम करणारा, स्वतः तोंडात लोखंडी लगाम सोसलेला माणूस तिला म्हणतो की तुला पाय दोन आहेत, चार नाहीत. मास्तरचा उजवीकडचा रकाना! मास्तर कुठंतरी दूर आहे, कदाचित मेलाही असेल, आणि त्याच्या वहीतली ओळ पॉल डीच्या तोंडातून बाहेर पडते. याच पंथाचे समीक्षक होमी भाभा यांनी १९९४च्या आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच या कादंबरीतल्या घराबद्दल लिहिलंय, बाहेरचा इतिहास घराच्या आत शिरून घर परकं कसं होतं असं काहीसं. ते बरोबरच आहे. पण मला विचाराल तर घरापेक्षाही तो इतिहास या एका वाक्यात जास्त शिरलाय.

समीक्षा जिथं तोकडी पडते ती जागाही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. सेथची सासू बेबी सग्ज. तिच्या मुलानं पाच वर्षं रविवारी रविवारी जादा राबून तिला मोकळं केलेलं. नदी ओलांडल्यावर ही साठीची बाई आपले हात बघते आणि तिला कळतं, हे हात माझे आहेत. मग छातीतली धडधड ऐकू येते आणि ती हसत सुटते. इतकी वर्षं हे हृदय आतच होतं काय? पुढे हीच बाई रानातल्या मोकळ्या जागेत आपल्या लोकांना गोळा करून सांगते, तुमच्या हातांवर माया करा, मानेवर करा, काळजावर करा, दुसरं कुणी करणार नाही. इथं सईद नको, स्पिवाक नको, भाभा तर नकोच. त्या भागाला 'प्रतिरोधाचं संभाषित' म्हणायचं तर खुशाल म्हणा, मार्कही पडतील. मी ती पानं माझ्या आईच्या फोटोखाली बसून वाचली. तिचा अंगठा आयुष्यभर तंबाखूनं काळा होता, बिड्या वळून वळून. यापुढे मला त्याबद्दल लिहायचं नाही.

भुताचंही तसंच. गाईड म्हणतं भूत हे दडपलेल्या इतिहासाचं प्रतीक. असेल. पण प्रतीक गोड खाऊन लठ्ठ होत नाही, आईचा गळा दाबत नाही, पॉल डीला एकेका खोलीतून हाकलत अंगणातल्या कोठारापर्यंत नेत नाही. त्या पोरीला आधी पोर म्हणून वाचावं. दोन वर्षांची नव्हती तेव्हा मेली, आणि वीस वर्षांच्या अंगानं दोन वर्षांचा हट्ट घेऊन परत आली. आमच्याकडे कुठल्याही म्हातारीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

उणी बाजूही आहे. दुसऱ्या भागात आई, बहीण, भूत अशी तिघींची मनोगतं येतात, त्यातलं एक विरामचिन्हांशिवाय. डोळ्यांनी वाचाल तर बुडाल, मोठ्यानं वाचलं तर तरता येतं. दुकानात गिऱ्हाईक असताना हे जमत नाही, एका बाईंनी माझ्याकडे चमकून पाहिलं. पॉल डीच्या जॉर्जियातल्या तुरुंगाचं प्रकरण, जिथं साखळीला बांधलेले कैदी पावसाच्या चिखलातून एकमेकांना ओढत निसटतात, ते मला चार पट मोठं हवं होतं. त्याउलट शेवटच्या तिसऱ्या भागात बायका घरासमोर जमतात त्याआधीची काही पानं रेंगाळतात. संवादांची बोली सुरुवातीला अडते. शब्दकोश उघडून बसू नका, त्यात बऱ्याच गोष्टी सापडत नाहीत. दोन प्रकरणांनंतर कान सरावतो.

कुणी घ्यावी? जिला किंवा ज्याला घरात नुकतंच मूल झालंय त्यांनी थोडं थांबावं, हे मी गंभीरपणे सांगतोय. परीक्षार्थींनी आधी कादंबरी, मग सईदची प्रस्तावना, मग वेळ उरला तर बाकीचं, असा क्रम ठेवावा. पहिल्या वाचनाला पेन्सिल हातात घेऊ नये. दुसऱ्या वाचनाला वही, दोरी, शाई, कात्रण आणि पॉल डीचं ते वाक्य एवढ्या जागा खुणा करून ठेवल्या की दहा मार्कांच्या कुठल्याही प्रश्नाला पुरतात. २००४ नंतरच्या काही आवृत्त्यांत लेखिकेची छोटी प्रस्तावना आहे, नोकरी सोडल्यावर नदीकाठी बसलेल्या असताना पाण्यातून एक बाई वर आलेली दिसली अशी. छान आहे, पण ती आधी वाचली तर दारात बसलेल्या पोरीचा अर्धा दचका जातो. ती शेवटी वाचा.